खूण नसलेला सांधा

१८ जानेवारी १९७८, बुधवार. स्थळ: कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतली आमची शेड. हजर: दिल्लीहून आलेले समितीचे दोन सदस्य, आमच्या महाविद्यालयाचे प्राचार्य, लकडगंजचे तेलाचे व्यापारी किसनलालशेठ, योजनेचे प्रमुख डॉ. यशवंत गजभिये, आणि नोंदी घ्यायला मी, कार्यालयातली कुमुद पाठक.

यादी माझ्याच हातची आहे. बरोबर आहे, पण पुरी नाही. त्या दिवशी शेडमध्ये मारोती लांजेवारही होता. बैठकीच्या हजेरीत यंत्र चालवणाऱ्याचं नाव घालायची पद्धत नव्हती. पुढे गजभिये सरांनी ती पद्धत मोडली. महाविद्यालयातली कुठलीही बैठक असो, अगदी वेळापत्रकाचीसुद्धा, हजेरी वाचून झाली की ते माझ्याकडे बघून म्हणायचे, "आणि मारोती." मी लिहायची: मारोती लांजेवार, गैरहजर. प्राचार्य खिडकीबाहेर बघत. कोणी कधी हरकत घेतली नाही. मग आम्ही पुढचा विषय घ्यायचो.

सर उंच होते आणि खांद्यात थोडे वाकलेले. प्राध्यापकांच्या खिशाला पेन असतो, यांच्या खिशात खडू असे. हातातल्या कापडी पिशवीत झाकणाचा एक पत्र्याचा डबा आणि दाढीचा जुना ब्रश. डब्यात साबणाचं पाणी. नळीत हवा भरायची, तिच्या प्रत्येक सांध्यावर ब्रशनं साबण फासायचा आणि बघत उभं राहायचं. सांधा गळत असेल तर बुडबुडा येतो. नाही आला की त्यावर खडूनं बरोबरची खूण करायची आणि पुढच्या सांध्याकडे जायचं. ही युक्ती त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतली नव्हती. वडील कापडगिरणीत वाफेच्या नळ्यांवर होते, ब्रश त्यांचाच. सर इंग्लंडहून रसायनाची डॉक्टरेट घेऊन आले तरी तो ब्रश तसाच होता, केस थोडे कमी झालेले.

"नळी कधी गळत नाही, बाई," ते मला म्हणायचे. "गळतो तो सांधा. जिथं दोन वस्तू जोडल्या तिथं बघायचं."

आणि जोडणं हाच त्यांचा खरा धंदा होता. भिवापूरची मिरची नागपूरच्या बाजारात पोत्यानं विकली जाते आणि गोदामात पडून तिचा रंग उडतो. सरांचं म्हणणं असं की ताज्या मिरचीतला रंग आणि तिखटपणा पेट्रोलसारख्या एका द्रावात उतरवून घ्यावा, मग तो द्राव उडवून टाकावा आणि मागं राहील तो दाट लाल अर्क बाटलीत भरून विकावा. प्रयोगशाळेत त्यांनी हे केव्हाच करून दाखवलं होतं. चंचुपात्रातून कारखान्यात जायला मात्र तीन जण लागत होते. प्रयोगशाळा आणि माणसं महाविद्यालयाची, जागा आणि शेड एखाद्या व्यापाऱ्याची, यंत्रांचा खर्च सरकारचा. आज अशा योजना पुष्कळ निघतात. तेव्हा आमच्याकडे प्राध्यापक व्यापाऱ्याच्या पेढीवर गेला तर लोक विचारत, उधारी राहिली का म्हणून.

माणसांनाही ते साबण लावून बघत. तिघांना त्यांनी वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला होता: हे फसलं तर घरी काय सांगाल?

किसनलालशेठ गादीवर लोडाला टेकून बसले होते. म्हणाले, "घरी बोलूच काहून? बायको म्हणते मी हर धंद्यात फसतो. एक और सही."

प्राचार्य म्हणाले, "मी म्हणेन, मला पहिल्यापासूनच शंका होती."

दिल्लीचे अधिकारी थोडा विचार करून म्हणाले, "घर पे कुछ नहीं बोलूंगा. फाइल पे बोलूंगा."

सर माझ्या टेबलाशी येऊन बसले आणि हिशोब सांगितला. "शेठ पक्के आहेत. दिल्लीला बारीक बुडबुडा आला, जरा कसलं की बसेल. आपले प्राचार्य मात्र गळतात."

"मग त्यांना ठेवायचं कशाला?"

"गळतो म्हणून सांधा फेकत नाहीत, बाई. त्याच्यावर दाब कमी ठेवायचा."

दिल्ली कसायला त्यांना दोन वर्षं लागली. अर्ज रसायनाच्या खात्याकडे गेला की तिकडून शेरा येई, मिरची हा शेतीचा विषय. शेतीच्या खात्याकडे गेला की, अर्क हा रसायनाचा विषय. शेवटी सर स्वतः गेले. दोन्ही खात्यांच्या दोन बाबूंना त्यांनी कँटीनमध्ये एका टेबलावर बसवलं आणि पिशवीतून साबणाच्या डब्याऐवजी ठेच्याचा डबा काढला. भिवापुरी मिरचीचा ठेचा, सरांच्या आईच्या हातचा. दोघंही अधिकाराची माणसं, मागं हटायला कोणी तयार नव्हतं. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहिलं, एकानं दुसऱ्याला पाण्याचा ग्लास भरून दिला, आणि दुपारी दोघांनी मिळून एक टिपण लिहिलं. "एका ठेच्यावर रडलेली माणसं एकमेकांच्या फाइलीवर शेरे मारत नाहीत," सर परत आल्यावर म्हणाले. मंजुरी आली. पैसा दोन हप्त्यांत मिळायचा. पहिला यंत्रं बसवायला, दुसरा समितीनं यंत्र चालताना प्रत्यक्ष बघितल्यावर. दुसरा आला नाही तर योजना तिथंच बंद.

मारोती लांजेवार शेठच्या तेलघाणीतून आमच्याकडे आला. ठेंगणा, हसरा, डाव्या गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. काम उरकायची त्याला घाई नसे, बोलायची असे. रोज सकाळी त्याचं पहिलं काम, ओल्या फडक्यानं सांध्यांवरच्या कालच्या खुणा पुसायच्या. मग सर साबण घेऊन पुन्हा पहिल्यापासून.

"साहेब, रोज पुसता अन् रोज लिवता. शाळा हाय का हे?"

"शाळाच आहे गा. तू मॉनिटर."

"मॉनिटरले मारता येते बाकीच्यायले. मी कोनाले मारू? या टाकीले?"

शेडचे नियम सरांनी घातले होते. त्या द्रावाची वाफ हवेपेक्षा जड. ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटते आणि विस्तव शोधते. म्हणून कुंपणाच्या आत काडी पेटवायची नाही. चहा करायचा तो फाटकाबाहेर, चौकीदाराच्या खोपटात. किटलीतून आत येईपर्यंत तो कोमट होई. मारोती म्हणायचा, "हा चहा नाही, साहेब, हे चहाची बातमी हाय." सर तोच कोमट चहा एका घोटात संपवत. गरम चहा त्यांना फार आवडायचा, घरी ते बशीत ओतून फुंकत फुंकत पीत. पण नियम म्हणजे नियम.

आता त्या बुधवारचं सांगते, क्रमानं.

पाहुणे ठरल्यापेक्षा लवकर आले. सर आत सांधे तपासत होते. किसनलालशेठनी किटलीला हात लावून बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. "दिल्लीच्या पाहुण्यायले थंडी चाय? लोक काय म्हणतीन, नागपूरवाल्यायच्या घरात स्टोव नाही?" त्यांनी चौकीदाराला सांगून स्टोव्ह व्हरांड्यात आणवला आणि खांबाच्या आडोशाला ठेवला, वारा लागू नये म्हणून. यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पाहुण्याला गरम चहा द्यायचा, एवढंच. आमच्याकडे याहून मोठा नियम नाही.

प्राचार्य आत गेले. "गजभिये, पाहुणे उभे आहेत. पहिला कप तुमच्या हातून जायला हवा. चला."

"दहा मिनिटं. चौथा सांधा राहिला आहे."

"सांधा कुठं पळून जातो? पाहुणे जातील."

सरांनी खडू खिशात टाकला आणि मारोतीला म्हणाले, "चौथा राहिला गा." मारोती म्हणाला, "हो, साहेब. या तुमी."

सरांनी पहिला कप समितीच्या थोरल्या सदस्यांना दिला. मग स्वतः घेतला. वाफाळता, गवती चहा घातलेला. त्या शेडच्या आवारात गरम चहा त्यांच्या हातात पहिल्यांदाच आला होता, आणि त्यांचा चेहरा खुलला तो मी पाहिला. बोलणं रंगलं. भिवापूर, दिल्लीची थंडी, ठेचा. थोरले सदस्य म्हणाले, "चलाइए ना, डॉक्टरसाहब. चलते हुए देख लें."

मारोती दारात उभा होता. त्यानं सरांकडे बघितलं. सरांनी मान हलवली.

तो आत गेला. द्राव सोडल्यावर नळीत घरघर होते, ती ऐकू आली. सगळे खिडकीकडे वळले. नंतर काय झालं ते फक्त मी पूर्ण पाहिलं, कारण टिपणवही सावरत मी मागं उभी होते. स्टोव्हपासून एक निळी रेघ निघाली आणि जमिनीवरून दाराकडे गेली. आवाज नाही, धूर नाही. कोणी निळी दोरी ओढत न्यावी तशी. मग आत उजेड झाला.

आतून मारोतीचा आवाज आला, "बाहेर व्हा, बाहेर व्हा." तो टाकीकडे गेला होता. टाकीचा व्हॉल्व्ह त्यानं बंद केला म्हणून आग जमिनीलगत जळून विझली आणि आम्ही, यादीतले सगळे, वाचलो. मारोती मेयो रुग्णालयात तीन दिवस होता. सर तिन्ही दिवस त्याच्या खाटेशी बसून होते. शेवटच्या दिवशी तो त्यांना म्हणाला, "खुना पुसल्या नाही आज." त्यानंतर काही बोलला नाही.

महिन्याभरानं प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली. अहवाल दिल्लीला जायचा होता. दिल्लीहून आलेले अधिकारी कँटीनमध्ये ठेच्यानं रडलेल्या दोघांपैकीच एक होते. त्यांना सरांचं भलंच करायचं होतं. ते म्हणाले, अपघात जर कामगाराच्या चुकीनं झाला असेल, म्हणजे समजा त्यानं बिडी ओढली असेल, तर योजनेला दोष लागत नाही. दुसरा हप्ता सुटू शकतो.

किसनलालशेठ खाली मान घालून म्हणाले, "आपन त्याच्या बाईले काहीतरी देऊन देऊ, डाक्टरसाब. माह्या खिशातून. पन स्कीम वाचली पाहिजे. तुमची दहा वर्षं हायेत यात."

काय पणाला लागलं आहे ते खोलीत सगळ्यांना कळत होतं. बिडी लिहिली की यंत्रं पुन्हा उभी राहणार, मिरचीचा अर्क निघणार, आणि मारोती लांजेवार स्वतःच्या बिडीनं मेला असं कायमचं कागदावर राहणार. त्याच्या बायकोला कायद्यानं मिळायचं ते मिळणार नाही.

सर शेठकडे वळले. मग म्हणाले, "शेठ, मारोतीच्या गालात खर्रा असायचा. बिडी ओढायला तोंड रिकामं लागते."

कोणी हसलं नाही.

"बाई, लिहा. चौथ्या सांध्याची चाचणी त्या दिवशी झाली नव्हती. स्टोव्ह कुंपणाच्या आत होता. द्राव सोडायला मान मी हलवली."

"सोच लीजिए," अधिकारी हळूच म्हणाले.

"लिहा, बाई."

मी लिहिलं. त्या मार्चअखेर योजना बंद झाली. मारोतीच्या बायकोला, वच्छलाबाईंना, भरपाई मिळाली. सरांकडचं संशोधन काढून घेतलं आणि त्यांना पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायला लावलं. प्राचार्यांनी, आपल्याला पहिल्यापासूनच शंका होती, असं सांगितलं.

भरपाईचे कागद घेऊन सर आणि मी वच्छलाबाईंकडे गेलो होतो. त्यांनी आम्हाला बसायला चादर अंथरली. सही केली. मग सरांकडे न बघता मला विचारलं, "खरं सांगितलं साहेबानं, ते बरं केलं. पन एक सांग वं बाई, चहा गेटवरच काहून नाही केला त्या दिवशी?" सही केलेले कागद मी गोळा केले.  त्या चहा ठेवायला उठल्या. सर उठून उभे राहिले, पुन्हा बसले.

त्यानंतर मी त्यांना गरम चहा पिताना पाहिलं नाही. कप समोर येई, ते बोलत राहत, वर साय धरे, मग ते उचलत. लग्नकार्यात शेगडी दिसली की जागा बदलत आणि जाता जाता शेगडीपासून मंडपाच्या दारापर्यंतची जमीन बघून घेत. माझ्या घरी गॅस आला त्या रविवारी न बोलावता आले, पिशवी घेऊन. सिलिंडरच्या तोंडाशी साबण लावून गुडघ्यावर बसले ते उठेनात. माझी सासू कुजबुजली, "काय बघून राहिले गं ते?" साबण केव्हाच सुकला होता.

दसऱ्याला दीक्षाभूमीच्या बाजूनं मी त्यांना आईबरोबर चालताना बघायची. दोघंही पांढऱ्या कपड्यांत. गर्दीत आई पुढं आणि हे दोन पावलं मागं. एकदा मला थांबवून आई म्हणाल्या, "बाई, याले समजावून सांगा. जेवताना ताट वाढते एक जास्त." सर म्हणाले, "आई, चल." आवाजात राग नव्हता.

एक गोष्ट सुरुवातीला माझ्या लक्षात आली नव्हती. चौथा सांधा तपासला नव्हता, हे खरं. तो गळत होता की नाही, हे कोणालाच माहीत नाही. वाफ टाकीच्या झाकणातूनही आली असेल, किंवा द्राव ओतताना पिंपाशी सांडलेला असेल. चौकशीच्या लोकांनी तो सांधा दोन्ही बाजूंची वीतभर नळी ठेवून कापून नेला होता. आग खालून गेल्यामुळे तो फक्त काळा पडला होता. पण सरांनी चूक कबूल केली म्हटल्यावर तपासायची गरज कोणाला वाटली नाही. प्रकरण मिटल्यावर तो गोणपाटात गुंडाळून, लाखेचं सील लावून महाविद्यालयाच्या भांडारात आला. सोबत शेरा: सील महाविद्यालय, शेडमालक आणि खातं या तिघांच्या प्रतिनिधींसमक्षच तोडावं.

मी हे सरांना दाखवलं. म्हटलं, "दोन्ही तोंडं बंद करून हवा भरली तर आजही कळेल, सर."

"कळेल," ते म्हणाले.

"मग करू या का?"

"बुडबुडा आला तर मला झोप लागणार नाही. नाही आला तरी लागणार नाही." मग, "पण करायला पाहिजे. मारोतीले सांगावं लागन." माझ्याशी ते एरवी असं बोलत नसत. ते मारोतीशी बोलायचे तसं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते कळमेश्वरलाच. शेठनी शेड विकायला काढली होती, आतल्या वस्तूंची नोंद करायला मला बोलावलं होतं. सर आपणहून आले. केस पांढरे, पिशवी तीच. भिंतीवर काळपट पट्टा अजून होता, गुडघ्याइतक्या उंचीचा. मी टाकीपासून नोंद सुरू केली आणि मागं बघितलं तर सर पहिल्या सांध्यावर ब्रश फिरवत होते.

"सर, नळीत हवा नाही. बुडबुडा येणार कुठून?"

"माहीत आहे. खूण कुठं करून राहिलो मी?"

दुसरा सांधा, तिसरा. चौथ्याच्या जागी नळी कापलेली, दोनेक वीत मोकळी हवा. तिथं ते थांबले. ब्रश त्या हवेत तसाच धरलेला, टोकावरून साबणाचा थेंब खाली पडला. दारातून उजेड आत येत होता. त्यांनी दाराकडे असं बघितलं, जणू तिथं कोणी उभं आहे आणि त्यांची मान हलायची वाट बघतंय. सरांनी मान हलवली नाही. अगदी स्थिर ठेवली, खूप वेळ. मग खिशातला खडू काढून माझ्या हातावर ठेवला. "तुम्ही नीटनेटक्या आहात, बाई. हवा भरून बघितल्याशिवाय खूण करायची नाही."

पावसाळ्यात ते गेले. मला बातमी तिसऱ्या दिवशी कळली.

खडू माझ्या कपाटात आहे. भांडाराची किल्ली मिळेल. किसनलालशेठ आता अंथरुणावर आहेत, त्यांच्या मुलाला मी दोनदा भेटले. तो म्हणाला, "आंटी, पुराना मामला है, छोड़ो." खात्याचं त्या वेळचं ऑफिस दुसऱ्या खात्यात मिसळलं, तिकडून उत्तर येतं की हा विषय आमच्याकडचा नाही. नव्या प्राचार्यांना आधी हरकत नव्हती, आता सवडीनं बघू म्हणतात. तिघांना एका टेबलाशी आणायचं आहे, एवढंच काम. ज्यांना ते जमायचं ते नाहीत.

दर वर्षी जानेवारीत मी कामांची नवी यादी करते. जुन्या यादीतलं उरलेलं काम पुढं उतरवून घेते. यंदाही पहिल्याच ओळीला उतरवलं: कळमेश्वर, चौथा सांधा. चाचणी बाकी.